टर्बोखालची बोटभर जागा

हाटकेशच्या कारखान्यांच्या गल्लीत अमृत भोईरचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, मागे दोन खोल्यांचं घर. गॅरेजला पाटी नव्हती आणि तिची कधी गरजही पडली नाही. ज्याची गाडी तेल गाळायची त्याला कुणी ना कुणी सांगायचंच, "भोईरकडे ने. तो बघत नाही, हात लावतो."

ते खरंही होतं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे नजर पोचत नाही, तिथे अमृत हात घालायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. पाहणाऱ्याला वाटावं, माणूस जप करतोय. मग बोटाच्या टोकाला काहीतरी लागायचं, एखादा चरा, एखादी ओल, आणि तो डोळे उघडून म्हणायचा, "सापडलं."

ही देणगी त्याला बापाकडून आली होती. बाप भाईंदरच्या मिठागरावर राबला. खाचरातलं पाणी बोटावर घेऊन अंगठ्याने चोळायचा आणि मीठ उद्या धरेल की परवा, ते सांगायचा. मुलाने पाना हातात घेतला तेव्हा तो महिनाभर बोलला नव्हता. नंतर एकदा गॅरेजात येऊन बसला, मुलाला डोळे मिटून काम करताना पाहिलं आणि जाताना एवढंच म्हणाला, "हात माझाच हाय."

त्याच हाताने ह्या वर्षी दगा दिला.

बेव्हर्ली पार्कात राहणारा धर्मेश हे जुनं गिऱ्हाईक. त्याच्या डिझेल गाडीत जळका वास यायला लागला. अमृतने बॉनेट उघडलं आणि दुखणं ओळखलं. टर्बो म्हणजे इंजिनाला जास्तीची हवा पुरवणारा पंखा. तो इतक्या वेगाने फिरतो की त्याला सतत तेल लागतं. वरून तेल दाबाने येतं, काम करून खालच्या जाड नळीतून आपल्या वजनाने पुन्हा इंजिनात उतरतं. ह्या परतीच्या नळीचा सांधा कुठे उचललेला राहिला की थेंबथेंब तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडतं. दुखणं साधंच. अमृतने नळी खोलली, सांध्यात तेल अडवणारं जुनं पॅकिंग खरवडलं, बोट फिरवून जागा साफ झाल्याची खात्री केली, नवं पॅकिंग घालून बोल्ट आवळले.

आठवड्याने धर्मेश परत आला. "काका, वास चालूच आहे."

अमृतने खालची रबरी नळी आणि तिच्या क्लिपा बदलल्या. पुन्हा सांधा खोलला, पुन्हा नवं पॅकिंग. त्याची एक रीत होती. काम झालं की इंजिन तापेपर्यंत चालू ठेवायचं, मग गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचं आणि दुसऱ्या सकाळी ते उचलून पाहायचं. ह्या वेळी सकाळी कागदावर काळा, बोराएवढा डाग होता.

"मोबाइलने फोटो काढून बघू या ना," धर्मेश म्हणाला. काढला. टर्बोखालच्या फटीतून आलेल्या फोटोत सगळं काळंच दिसत होतं. लोखंड काळं, काजळी काळी.

तेव्हा अमृतच्या तोंडून निघून गेलं, "टर्बोच गेलाय, धर्मेशभाई. बॉडीला तडा असेल. नवा घालावा लागेल."

धर्मेशने एक प्रश्नही विचारला नाही. "तुम्ही बोललात म्हणजे फायनल. गाडी ठेवून जातोय." आणि रिक्षा पकडून निघून गेला.

अमृत स्टुलावर बसून राहिला. तडा त्याने पाहिला नव्हता. बोटालाही लागला नव्हता. बोटाला काहीच लागलं नव्हतं, हेच खरं होतं, आणि ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पावसाळ्याआधी पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टर नीलिमा मॅडमनी त्याला डोळे मिटायला सांगून टाचणी टोचली होती. "कुठलं बोट?" त्याने ठामपणे सांगितलं, ते चुकलं. मॅडम म्हणाल्या, रक्तातल्या साखरेने नसा झोपल्यात, पुढे वाढू नये एवढं आपण बघू. गेलेलं परत येईल का, हे त्याने विचारलं नाही. घरी येऊन बायकोला, पुष्पलताला, गोळ्या तेवढ्या दाखवल्या.

दुपारी पुष्पलता जेवणाचं ताट घेऊन बाहेर आली. त्याने हात पुढे केला आणि तिने ताट मागे घेतलं.

"ह्यो फोड कसला?"

"कसला?"

"बोटावर. दोन हायत." तिने त्याचा हात उजेडाकडे वळवला. "काल इंजिन तापलेलं होतं तवा हात घातलात ना?"

अमृतने आपल्याच बोटाकडे परक्याच्या बोटाकडे पाहावं तसं पाहिलं.

"चटका बसल्यावर माणूस हात काढतो," ती म्हणाली. "परवा तुमी चुलीवरचा टोप उघड्या हाताने उतरवलात. मी बोलले न्हाय. वाटलं, सांगाल."

"काय सांगू? भोईरला आता पॅकिंग आणि पापड सारखंच लागतं?"

ती हसली नाही. ताट फळीवर ठेवून तिने गाडीकडे पाहिलं. "ह्यात काय बिघडलंय ते तरी ठाव हाय का?"

"बहुतेक जुन्या पॅकिंगचा तुकडा चिकटून राहिलाय. त्यावर नवं बसवलं की सांधा तिरका होतो. माझ्या बोटाला कळलं न्हाय." मग तो म्हणाला, "धर्मेशला मी टर्बो गेला म्हणून सांगितलं."

"आणि गेला न्हाय?"

"न्हाय बहुतेक."

पुष्पलताने पदर खोचला. "सरका. माझा हात जाईल तिथं."

"येडी हायस काय? तू कदी इंजिनाला हात लावलायस?"

"तांदळातला खडा कोण काढतं घरात?"

इंजिन गार होतं. अमृतने नळी सोडवली. फटीत बांगड्या अडकल्या असत्या, म्हणून तो म्हणाला, "काढून ठेव."

"तुमी समोर असताना न्हाय काढायच्या."

मग त्याने तिचा हिरवा चुडा कोपरापर्यंत वर सरकवला आणि वायरीला गुंडाळायच्या चिकटपट्टीने बांधून टाकला. लग्नात तिच्या हाताला हळकुंड बांधलं होतं, त्यानंतर इतक्या काळजीने त्याने तिच्या हाताला काही बांधलं नव्हतं. ती स्टुलावर चढली आणि तिने फटीत हात घातला.

"डोळे मीट," तो म्हणाला.

तिने मिटले.

"नळी बसते ते तोंड लागलं? आता कडेकडेने बोट फिरव. हळू. घाई न्हाय."

"इथं सपाट हाय. इथंही." तिचं बोट थांबलं. "इथं काय तरी हाय. माशाचं खवलं चिकटावं तसं."

अमृतने तिच्या हातात पातळ पातं दिलं. ती खवलंच काढत असल्यासारखी खरवडत राहिली. काही वेळाने तिने मूठ बाहेर काढून उघडली. तळहातावर नखाएवढी काळी कपची होती.

"सापडलं," ती म्हणाली.

त्याने ती कपची दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

नवं पॅकिंग घालून बोल्ट त्यानेच आवळले, इंजिन तापवलं आणि गाडीखाली कागद पसरला. सकाळी त्याने तो उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. कोरा होता.

धर्मेश आला. टर्बो बदलावा लागला नाही, हे ऐकून खूश झाला. "मी घरी बोललो होतो, काकांचा हात लागला की काम झालं."

"हात हिचा लागला," पाणी घेऊन आलेल्या पुष्पलताकडे पाहत अमृत म्हणाला.

धर्मेश मोठ्याने हसला. "काकी, आता गॅरेज पण तुम्हीच चालवा."

पुष्पलता पाणी देऊन आत गेली.

"पुढच्या वेळी गाडी उत्तमकडे न्या," अमृत म्हणाला. "चेणे गावात, रस्त्यालाच गॅरेज आहे. माझ्या हाताखाली शिकलाय. मी त्याला फोन करून ठेवतो."

"का, काका? माझं काही चुकलं?"

"तुमचं नाही. मी चुकीचं बोललो होतो. टर्बो चांगला होता. माझ्या बोटांना आता कळत नाही."

धर्मेशचं हसू तोंडावरच राहिलं. त्याने अमृतचा हात हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि गाडी घेऊन गेला. वास आला नाही. धूरही नाही.

अमृतने पाने पुसून फळीवर मांडले. मोठ्यापासून लहानापर्यंत, नेहमीसारखे. शेडचं दार अर्धं ओढलं आणि आत येऊन मोरीपाशी बसला. पुष्पलता नखात उरलेली कालची काळी घाण साबणाने काढत होती. चिकटपट्टीचा वळ कोपरापाशी अजून पुसट दिसत होता.

"तो तुकडा निघाल्यावर," त्याने विचारलं, "तिथे बोटाला कसं लागलं?"

तिने साबण खाली ठेवून डोळे मिटले. त्याने घाई केली नाही.

"गार," ती म्हणाली. "आणि एकदम साफ. पाण्याखालच्या दगडासारखं."

अमृतने मान हलवली. "हां," तो म्हणाला. "तसंच लागतं."