दत्तारामभाऊ आणि बाबागाडीचा सांधा

महाड, ९ ऑगस्ट २००६

गौरवग्रंथ काढणाऱ्या मित्रांनो, तुमच्या तीन पत्रांना मी उत्तर दिले नाही, याबद्दल क्षमा असावी. श्री. दत्तारामभाऊंविषयी लिहायचे तर एक गोष्ट लिहावीच लागेल, आणि ती लिहिण्याचे धैर्य होत नव्हते.

दहा वर्षांपूर्वी मी कारखान्यात तपासनीस म्हणून आलो, तेव्हा कापडे गावचे भाऊ तिथे फिटर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हाती एक सांधा ठेवला. "डोळे मिटा नि फिरवा. खरखर लागते का सांगा."

धावताना ढकलायच्या तीनचाकी बाबागाड्या आम्ही परदेशी पाठवण्यासाठी बनवत होतो. पुढच्या चाकाच्या सांध्यात बुश म्हणजे पितळी नळी, दोन वायसर, स्प्रिंग आणि ग्रीस असे. भाऊंनी त्याऐवजी कडेला कॉलर असलेली एकच प्लॅस्टिकची बेअरिंग बसवली. वायसरचे काम कॉलरनेच भागले. ग्रीस नको, गंज नाही. "सांध्यात माणसं कमी, तर भांडणं कमी," असे ते हसत म्हणाले.

मात्र त्यांनी मला बजावले होते, "हे पावसात फुगतं. आतल्या दांडीला फिरायला जागा ठेवा." भोकाचे माप ठरवणे माझ्याकडे होते; मी पितळी बुशचेच घट्ट माप ठेवले. उन्हाळ्यात गाड्या छान वळल्या. मी सही केली आणि गाड्या पेट्यांत बंद झाल्या.

चाचणीची एक गाडी भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, लावणीला भाताची रोपे न्यायला वापरत. एका सकाळी त्यांनी बांधावरूनच भाऊंना हाक मारली, "ओ, तुमची गाडी वळत नाय! रोपं गेली चरीत. पोर असतं म्हंजे?"

भाऊ चिखलाच्या पायांनीच एसटीने महाडला आले.

"पेट्या उघडा."

"भाऊ, माझी सही झालीय."

"सही पुसा नाय म्हणत मी. पेट्या उघडा."

पेट्यांतल्या गाड्याही वळताना अडत होत्या. कारखान्याचे मालक शेठ कडाडले, "माप कुणी दिलं?" मी सहीचा कागद घडी करून खिशात घातला. भाऊ म्हणाले, "मी." बाहेर आल्यावर मला एवढेच म्हणाले, "तुमची नोकरी नवी हाय. चला, भोकं वाढवू."

भाऊंना मिळायचे फोरमनपद दुसऱ्याला गेले. दर पावसाळ्यात शेठ म्हणतात, "भाऊंच्या मापाला छत्री द्या रे!" सगळे हसतात, भाऊही. मीही हसलो आहे. साठाव्या वर्षी भाऊ फिटर म्हणूनच निवृत्त होत आहेत, आणि सत्काराचे अध्यक्ष शेठच आहेत.

हे छापले तर भाऊ रागावतील; मी स्वतःचे मन हलके करायलाच लिहितो आहे का, हेही मला नीट कळत नाही. पण माप माझे होते.

भाऊंनी आणि वहिनींनी अजून कितीतरी लावण्या धडधाकट अंगाने कराव्यात, एवढेच मागणे.

उद्याचे माझे काम: लेख छापायला देण्याआधी शेठसमोर बसून त्यांना वाचून दाखवणे.