तास बरोबर सांगणारे मिस्त्री

बोट धरणाच्या मधोमध बंद पडली होती, तळातून पाणी वर येत होतं, आणि मिस्त्री इंजिनाच्या खड्ड्यात डोकं घालून ओरडत होते, "तास बरोबर शे, वहिनी! मीटरला कुणी हात लावलेला नाही!" बुडायला आलेल्या माणसांना जणू तेवढीच एक काळजी होती. मी म्हटलं, "मिस्त्री, तासांचं मरू द्या. पाणी कुठून येतंय ते बघा."

एरवी ते आमच्यासारखंच बोलायचे. घाबरले की 'आहे'च्या जागी त्यांच्या गावाकडचं, देवळ्याचं 'शे' बाहेर यायचं. सातपूरच्या एका कारखान्यात ते आणि आमचे हे एकाच खात्यात होते. जुनं इंजिन किती तास चाललंय हे सांगण्यात मिस्त्रींचा हात कुणी धरत नाही, असं सगळे म्हणायचे. सगळ्यांच्या आधी ते स्वतः म्हणायचे.

पद्धत ठरलेली. आधी इंजिनाचे तास मोजणाऱ्या मीटरवर रुमाल टाकायचा. मग बोल्टचे कोपरे चाचपायचे, तेल दोन बोटांत चोळायचं, दांड्याची मूठ किती गुळगुळीत झाली ते बघायचं, चालवणाऱ्याच्या सीटवर दोनदा बसून उठायचं. मग आकडा सांगायचा आणि रुमाल ओढायचा. आकडा जुळला तर मिस्त्री खरे. नाही जुळला तर मीटर खोटं. "मीटर कुणीही मागं फिरवतो, वहिनी. झिजलेला बोल्ट कोण भरून आणील?" हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच त्यांना तोंडावर काही बोलता यायचं नाही.

हा नाद घरातही सुटायचा नाही. चहाला आले की आमच्या मिक्सरला हात लावून त्याचं आयुष्य सांगणार. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुमचा डावा गुडघा जास्त चाललाय." मी म्हटलं, "हो, आणि तुमचं तोंड." चहा दिला, पण बशीशिवाय.

नव्वद सालानंतर कारखान्यातून माणसं कमी करायला लागले. ह्यांनी राजीनामा दिला आणि हातात आलेले सगळे पैसे घेऊन ठरवलं की धरणावर मोटरबोट चालवायची. घरात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता, पण त्यानं काय अडतं? मुंबईकडे एका खाडीत एक जुनी बोट विकायला होती. ती बघायला आम्ही तिघं गेलो.

मिस्त्रींनी रुमाल टाकला, चाचपलं, चोळलं, बसले, उठले. "चारशेच्या आत," म्हणाले. रुमाल काढला तर मीटरवर तीनशे नव्वद. विकणाऱ्यानं तोंडात बोट घातलं. तिथला म्हातारा राखणदार बिचारा म्हणाला, "तीन पावसाळे इथंच बांधून आहे ती, साहेब. चाललीच नाही." मिस्त्रींना आनंदच झाला. "उभी होती! म्हणजे झिजलीच नाही." त्यांच्या कारखान्यात बंद मशीन ग्रीस लावून, झाकून ठेवायचे. खाडीतलं खारं पाणी ग्रीस लावत नाही, हे सातपुरात कुणाला माहीत? पाइपांवर पांढरे पोपडे दिसत होते. मी विचारलं, "हे काय?" "मीठ आहे, वहिनी. पुसलं की जातं." मी पदरानं पुसलं. गेलं. माझंही शहाणपण तेवढंच.

मिस्त्रींचा एक नियम होता. जो मशीन पास करतो, त्यानं पहिल्या पाळीला मशीनपाशी थांबायचं. म्हणून पहिल्या फेरीला ते बोटीत आले. त्यांना पोहता येत नव्हतं. ह्यांनाही नाही. लाइफ जॅकेटं पाचच होती, ती नाशिक रोडच्या एका कुटुंबानं घातली होती: नवरा-बायको, दोन मुली आणि आजी.

इंजिन थंड ठेवायला बोटीच्या तळातून पाणी घेणारा पाइप होता. मिठानं आतून खाल्लेला तो पाइप मुळाशी तुटला. मिस्त्री पाणी बंद करायचा कॉक फिरवायला गेले तर तो गंजून एकजीव झालेला. मग ते पालथे पडले आणि त्या भोकावर तळहात दाबून धरला.

आम्ही डब्यांनी पाणी उपसत होतो. आजी देवाचं नाव घेत होत्या. "आजी, नाव घेता घेता डबा पण चालवा," मी म्हटलं. ह्यांनी शर्ट काढून मासेमारांच्या होडीकडे हलवत ठेवला. मिस्त्रींच्या हनुवटीपर्यंत काळं, तेलकट पाणी आलं होतं.

"हात काढा, मिस्त्री, दुसरं कुणी धरेल."

"नको, वहिनी. मी पास केलीय."

अर्ध्या तासानं होडी आली आणि आम्हाला दोरानं ओढत काठाला घेऊन गेली. मिस्त्रींचा तळहात गंजक्या कडेनं खोल चिरला होता. टाके पडले.

बोट भंगारात गेली, ह्यांनी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. मिस्त्री नंतर बरीच वर्षं होते. चूक झाली असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. "तास बरोबरच होते," म्हणायचे, आणि होतेही. फक्त कुणी इंजिन दाखवायला नेलं की आता आधी विचारायचे, "चाललं किती ते मी सांगतो. उभं किती होतं ते तुम्ही सांगा." मीही आता जुना पंखा घेताना हेच विचारते. दुकानदार हसतो. हसू दे.

बोटीत आम्ही आठ जण होतो. आठही जण जिवंत काठावर उतरलो.