भिंतीवर तुल्लिओचं नाव

इनेसने पेअरच्या झाडाच्या लाकडात छपाईची ती अक्षरं कोरली, तेव्हा तिच्या डोक्यात जत्रेतला नाच होता. जाडजूड, उजवीकडे झुकलेली, पायांना टोकदार बूट चढवलेली अक्षरं! जाडीमुळे गोल अक्षरांच्या पोटात शाई साचायची, म्हणून तिने पोटं मोकळी ठेवली. 'एफ'ची शेपटी तर ठोकळ्याबाहेर लोंबून सारखी मोडायची. तीही पुन्हा पुन्हा कोरली.

पियावे नदीकाठच्या त्या गावात छापखाना होता तिच्या सासऱ्यांचा, आवरेलिओंचा. "लांबून दिसतात," एवढंच म्हणून त्यांनी अक्षरं जुंपली मृत्यूच्या पत्रकांना. गावात कुणी गेलं की चौकातल्या भिंतीवर पत्रक लागायचं. मजकूर साधा सरळ, नाव तेवढं जाड आणि तिरपं. हळूहळू गावाला सवयच लागली. तिरपं नाव दिसलं की टोप्या उतरायच्या. इनेसला फार वाईट वाटे. एकदा तरी ही अक्षरं हसऱ्या माणसाच्या कामी यावीत, एवढंच तिला हवं होतं.

अशात सत्तरीच्या तुल्लिओ पाववाल्याने विधवा नोएमीशी लग्न ठरवलं. सासरे कागद आणायला शहरात गेले होते. इनेसने संधी साधली आणि आमंत्रणाचं पत्रक चौकात लावलं. दोघांची नावं तिच्या अक्षरांत, भलीमोठी.

जवळ जाऊन वाचायची तसदी कोण घेतो!

"दोघं एकदमच गेली?"

"शेगडीच्या धुराने गुदमरली असतील गं!"

बायका मयताला वाहायची शेवंतीची फुलं घेऊन तुल्लिओच्या दुकानात पोचल्या. तो पिठाने पांढराफटक होऊन दारात आला, तशी पहिलीने किंकाळीच फोडली.

संध्याकाळी सासरे परतले ते तणतणतच. "गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस! ही लाकडं आज चुलीत जाणार!"

तेवढ्यात तुल्लिओ कवेत शेवंती घेऊन आत शिरला.

"आवरेलिओ, खबरदार त्या लाकडांना हात लावलास तर," तुल्लिओ म्हणाला. "सकाळपासून गाव माझं कौतुक करतंय. जिवंतपणी केलं होतं का कुणी? पोरी, नदीपलीकडेही लाव पत्रकं. तिथे माझा मेव्हणा राहतो. तो काय म्हणतो ते ऐकायचंय मला!"

रविवारी लग्नाला सारा गाव लोटला. शेवंती मांडवाला लागली आणि नोएमी हसून हसून बेजार झाली.

सासऱ्यांनी लाकडं जाळली नाहीत. मग एका सकाळी घसा खाकरत म्हणाले, "सूनबाई, माझा वाढदिवस येतोय. नाव लावशील? त्याच अक्षरांत."

"खाली काय लिहू, मामंजी?"

"काही नको. मला वाचता येतंय तोवर लाव, म्हणजे झालं."

वाढदिवशी ते चौकात आले. भिंतीवर आपलं नाव दिसताच सवयीने त्यांनी टोपी काढली. इनेसने ती हातातून घेतली आणि त्यांच्या डोक्यावर परत ठेवली.