हमी आणि आमी

सन २०२३. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि आईचं तेरावं नुकतंच उरकलं होतं.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई सांगलीत होती, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात त्या केंद्रात. मी इकडं वाईजवळ, हळदीच्या रानात. धाकटी बहीण सांगलीतच राहते, मार्केट यार्डात हळद निवडायला जाते. ती रोज संध्याकाळी आईपाशी बसायची. केंद्राचे शेवटचे पैसे द्यायचे राहिले होते. तिथून बहिणीला फोन आला आणि तिनं रडतच मला लावला.

"दादा, मला भराय लावत्याल का रं? आईला तिथं ठेवूया असं मीच म्हनले न्हवं?"

"गप गं. तुला कोण लावतंय?"

म्हणालो खरा, पण मलाच काही ठाऊक नव्हतं. माणूस गेलं की त्याचं राहिलेलं बिल कुणाचं होतं? आजा गेला तेव्हा जमीन बापाच्या नावावर चढली, ते मी पाहिलं होतं. बिल पण तसंच चढतं का? आणि चढलं तर तिघा भावंडांवर सारखं, का थोरल्यावर जास्त? हा किडा डोक्यात असा शिरला की जेवताना घास हातात तसाच राहायचा.

धाकटा भाऊ फौजेतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "आईच्या नावावर काय हाय? काय न्हाई. मग द्याचं कशातनं? गप बसा दादा."

चौथीतनं शाळा सोडलेल्या माझ्यासारख्या माणसाला कुणी गप बसा म्हटलं की तो मुळीच बसत नाही. मी एसटी धरली आणि साताऱ्याला कोर्टापाशी एका वकीलबाईंना गाठलं.

बाई म्हणाल्या, "बाबा, आईनं मागं जे ठेवलंय तेवढ्यापुरतंच वारसांनी द्यायचं असतं, पदरचं नाही. काहीच ठेवलं नसेल तर तिघंही मोकळे. पण भरती करताना हमी कोणी दिली?"

"आमी? आमीच की."

"आम्ही नाही हो. हमी. पैशाची जबाबदारी."

आणि मला भरतीचा तो दिवस आठवला. केंद्राच्या खिडकीतल्या पोरीला मी म्हणालो होतो, "आमी आणलंय म्हातारीला." तिनं विचारलं, "हमी कोण?" शब्दाच्या सुरुवातीचा ह माझ्या तोंडात टिकत नाही, मग कानात कुठला टिकणार? मला वाटलं, पोर माझ्या बोलण्याची नक्कल करतीय. मी छाती काढून म्हणालो, "आमी म्हंजी आमीच! म्हातारीचं थोरलं लेकरू!" तिनं बोट ठेवलं तिथं मी सही ठोकली. सही माझी झोकदार आहे.

हे ऐकून बाईंना हसू आवरेना. मग म्हणाल्या, "सही केलीत म्हणजे बिल तुमच्यावर. यातून सुटायचा प्रयत्न करता येईल. अडाणी माणूस, वाचून दाखवलं नाही, काय लिहिलंय ते समजलं नाही, असं कळवू."

"अडाणी लिवायचं?"

"लिहावं लागेल."

मी टोपी घातली आणि उठलो.

घरी येऊन बहिणीला फोन केला. "तुझ्यावर काय न्हाई गं. सही माजीच." झालेलं सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "दादा, हमी म्हणून दाखव बगू."

"आमी."

"ह म्हण, ह!"

"आ... अमी."

ती हसायलाच लागली. आई गेल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

भाऊ मात्र चिडला. "लिवा की अडाणी! कोण बगतंय?"

"मी बगतोय की," म्हणालो.

आणि खोटं कशाला सांगायचं? पोरीनं नीट समजावून विचारलं असतं तरी मी दुसरं काय म्हणालो असतो?

भाव चढेपर्यंत विकणार नाही म्हणून हट्टानं ठेवलेली हळद पडवीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो बोलावला, पोती चढवली आणि ड्रायव्हरशेजारी बसून सांगलीचा रस्ता धरला. कऱ्हाड येईपर्यंत मी तोंडातल्या तोंडात ह म्हणत होतो.