डाव्या कानावरचा गोंडा

लातूरला आमच्या शाळेसमोर टोप्यांना इस्त्री करणारे एक चाचा बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. निजामाचं राज्य होतं आणि शाळेत उंच लाल रुमी टोपी घालावी लागे. ती दर आठवड्याला चेपायची. चाचा ती पितळी साच्यावर चढवत, वरून दुसरा तापलेला साचा दाबत आणि वाफ गेली की मुठीवर धरून सावकाश फिरवून बघत. स्वतःच्या डोक्याला मात्र पंचा.

आमच्या वर्गात तहसीलदाराचा मुलगा सगळ्यांचा लाडका होता. तो टोपीचा काळा गोंडा डाव्या कानावर सोडायचा. महिन्याभरात वर्गातले सगळे गोंडे डावीकडे आले. औशाहून नवीन आलेला मी तेवढा मागं सोडायचो आणि मधल्या सुट्टीत एकटाच डबा खायचो. या दोन गोष्टींचा संबंध मला स्पष्ट दिसत होता.

मी चाचांना म्हणालो, "गोंडा डावीकडं बसवा. तहसीलदाराच्या पोरासारखा."

"त्याची टोपी माझ्याच हातानं जळली, बेटा," चाचा म्हणाले. "डाव्या अंगाला बोराएवढा डाग हाय. तो झाकायला म्हणून गोंडा तिकडं सोडला मी."

चाचांनी माझी टोपी मुठीवर फिरवून नीट पाहिली.

"बोल, नुसता गोंडाच करू, का डाग बी पाडू?"

ते हसत नव्हते. मीही लगेच नको म्हणालो नाही.