हातावरचा आळ

कामोठ्यात ज्यांच्या हॉलमध्ये गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून लावलेला आहे, त्यांना विचारा, फोटो कुणी केला? निम्मे तरी जोतीराम चौगुल्यांचं नाव घेतील. आमची दुकानं शेजारी-शेजारी. माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं, त्यांचं फ्लेक्सचं. वाढदिवसाच्या बॅनरवर पोट चालायचं, पण जीव सगळा फोटोत. लोक मोबाइलमध्ये कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, "ह्यातले आमचे अण्णा काढून द्या." मग जोतीभाऊ अण्णांच्या खांद्यावरचा मेहुण्याचा हात पुसायचे, मांडवातल्या दिव्याची कपाळावर पडलेली तिरीप घालवायचे, अर्धवट मिटलेला डोळा उघडायचे. कुणी म्हणालंच, "जरा गोरे करा," तर फटकन उत्तर यायचं, "पावडरीचं दुकान पलीकडं हाय."

हे काम मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून किती वेळा पाहिलंय. डाव्या हाताने कीबोर्डवरचं आल्टचं बटण दाबून धरायचं आणि चेहऱ्यावरच्या चांगल्या जागी माउसची एक टिचकी मारायची. तिथली कातडी जणू ब्रशला लागते. मग तो ब्रश डागावरून फिरवायचा. ती टिचकी बसली नाही तर पुढचं काहीच होत नाही.

पन्नाशी उलटली आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, हळूहळू वाढेल असंही सांगून ठेवलं. घरी त्यांची बायको शर्मिलावहिनी आणि मुलगा पार्थ यांनी ठरवलं की त्यांच्यासमोर हाताचा विषय काढायचा नाही. चांगल्या मनाची माणसं एकत्र बसली की असले ठराव करतात. मला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं, पण शेजारणीला विचारतो कोण?

पार्थ महाप्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवरच काम करतो. पोरगा हुशार आणि बापावर जीव टाकणारा. विंडो सरकवायला तिच्या वरची बारीक पट्टी पकडताना वडिलांच्या माउसचा बाण सारखा निसटतो, हे त्याने पाहिलं आणि एका रविवारी येऊन एक छोटा प्रोग्रॅम बसवून दिला. "पप्पा, आता टेन्शन नाय. आल्ट दाबा, विंडो कुठेपण पकडा आणि ओढा." जोतीभाऊ इतके खूश, की माझ्याकडे आलेल्या गिऱ्हाइकांनाही बोलावून बिलाची विंडो इकडून तिकडे नेऊन दाखवायचे. "पोरानं केलंय," हे वर सांगायचेच.

काही दिवसांनी फोटोचं काम आलं. त्यांनी आल्ट दाबला, टिचकी मारली, ब्रश फिरवायला गेले, तर पडद्यावर सूचना आली की जागा निवडलेली नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. टिचकी मारताना आपला हात हलतोय, म्हणून ती बसत नाही, असं ते धरून चालले. शेवटी आल्ट दाबून धरायला शर्मिलावहिनींना शेजारी बसवलं आणि स्वतः दोन्ही हातांनी माउस धरला. तरी होईना. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलंच होतं, मग दुसरं कारण कोण शोधणार?

"पार्थला विचारा की एकदा," मी म्हणाले.

"कशाला? पोराला उगं घोर," ते म्हणाले. "हाताचं काम सपलं, ताई."

आणि खरंच त्यांनी फोटोचं काम सोडलं. बॅनरचे तयार नमुने असतात, त्यात नाव आणि चेहरा तेवढा बदलायचा. दिवसभर तेच करायचे. कुणी फोटो घेऊन आलं तर खारघरच्या एका स्टुडिओचा पत्ता द्यायचे आणि पुन्हा बॅनरकडे वळायचे. माझ्याकडच्या चहाला हाका मारून बोलवावं लागायचं.

अशातच गावाकडे, गारगोटीजवळ, त्यांची आई गेली. "तुझा फोटो मीच करणार," असं ते तिला नेहमी चिडवायचे आणि ती म्हणायची, "माझ्या मरणावर टपलाईस व्हय रं?" फोटो धाकट्या भावाने तिकडेच करून घेतला. बाराव्याला जोतीभाऊंनी तो पाहिला. म्हातारी गोरीपान, आणि हनुवटीवरचं गोंदण करणाऱ्याने डाग समजून साफ पुसलेलं.

"ही कुणाची आई?" एवढंच ते भावाला म्हणाले. हे मला शर्मिलावहिनींनी नंतर सांगितलं.

वर्षश्राद्ध जवळ आलं. आजीचा फोटो आपणच नीट करावा, असं पार्थच्या मनात आलं. एका लग्नातला तिचा मूळ फोटो त्याने काकाकडून मागवला, इंटरनेटवर बघून काम शिकला आणि रविवारी वडील जेवायला घरी गेल्यावर दुकानात येऊन बसला. कागद माझ्याकडून घ्यायचा होता, म्हणून मीही तिथेच होते. त्याने आल्ट दाबला, टिचकी मारली. काही होईना. चार वेळा करून तो चिडला, तेवढ्यात जोतीभाऊ दारात.

"पप्पा, हे चालतच नाही," तो म्हणाला. "टिचकीच घेत नाहीये."

जोतीभाऊ जवळ आले. पडद्यावर तीच सूचना होती. त्यांनी पोराच्या हाताकडे पाहिलं. तो हात अगदी स्थिर होता.

"तुझ्यानंबी हुईना?"

पार्थच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विंडो ओढायच्या प्रोग्रॅमलाही आल्टच लागतो. फोटोच्या सॉफ्टवेअरकडे जाणारी टिचकी तो मधल्यामध्ये गिळत होता. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये लुडबुड करायची नाही, त्याची एक यादी त्या प्रोग्रॅममध्ये होती. पार्थने ती उघडली. रिकामी होती. त्यात फोटोच्या सॉफ्टवेअरचं नाव घातलं आणि पुढची टिचकी बसली.

"दीड वर्ष," पार्थ म्हणाला. "पप्पा, तुमी बोलला का नाय मला?"

"तू तरी कुठं इचारलंस?"

घरातल्या त्या सगळ्या चांगुलपणाचा मला त्या क्षणी संताप आला. कुणीही एकदा तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं.

जोतीभाऊ खुर्चीत बसले. आईच्या खांद्यावर कुणा पाव्हणीचा हात होता, तो पुसायचा होता. आल्ट, टिचकी; ब्रशला खांद्यावरचं लुगडं लागलं. मग त्यांनी ब्रश फिरवला आणि तो खांद्यावरून घसरून थेट आईच्या गालावर गेला. मागे घेतलं, पुन्हा केलं. ह्या वेळी डोळ्यावर गेला. दीड वर्षापूर्वी हात नुसता थरथरायचा, तरी पेला सांडायचा नाही. आता शर्टाची बटणं शर्मिलावहिनी लावतात.

पार्थचे डोळे भरले. "पप्पा, हात... डॉक्टरांना सांगून गोळी बदलून बघू. हातामुळेच—"

जोतीभाऊंनी माउस सोडला आणि डाव्या हाताने उजवा हात मांडीवर घेऊन बसले.

"त्याला बोल लावू नगंस बाबा," ते म्हणाले. "त्याच्यात जीव हुता तवर त्यानं दुसऱ्याचाच आळ सोसला."