साहेबाचं वाकडं घर
सागवानाचा ताजा भुसा नाकात गेला की मला निजामाच्या अमलातली छावणी आठवते. तिथल्या गोऱ्या साहेबानं विलायतेतल्या आपल्या गावच्या जुनाट घराचं चित्र पुढं टाकलं आणि म्हणाला, "मिस्त्री, बिलकुल ऐसाच बनाव." काळ्या तुळया भिंतीबाहेर बरगड्यांसारख्या दिसत होत्या, वरचा मजला खालच्यावर पोट सोडून बसलेला, आणि सबंध घर शेजारणीचं बोलणं चोरून ऐकावं तसं कललेलं! माझा ओळंबा केसभर चुकला तर मला तीन दिवस ताप यायचा. तरी मी तसंच बांधलं. मग पार कन्नड गावापासून लोक गाड्या जुंपून बघायला आले. "मिस्त्री, घर पडायलंय, टेकू लावा!" "पिऊन बांधलं जणू!" माझी इज्जत मातीत चालली. मी साहेबाला म्हणालो, "हुजूर, तुमच्याच हुकमानं वाकडं केलं, एवढं लिहून द्या." साहेबानं खूश होऊन मुन्शीकडून सनद लिहून घेतली, मोहोर उठवली. मुन्शीनं ती भर चौकात खणखणीत वाचली, "वाकडं बांधण्यात या मिस्त्रीला सबंध मुलखात जोड नाही!" आता म्हातारपणानं रंधा भलतीकडंच जातो, पण गिऱ्हाईक पुरते पैसे मोजून जातं, सनदच तशी आहे.